उष्णतेची मोट

चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. तिथे गोमुखातून बाराही महिने ऊन पाणी पडते. लोक शरभंग ऋषींची कथा सांगतात, अंगदुखी आणि त्वचेचे विकार घेऊन येतात, आंघोळ करतात आणि पाणी पुढे ओढ्याला मिळते. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत शोद-एग नावाचे असेच एक गाव आहे आणि त्याच्या नावाचा अर्थही 'ऊन पाणी' असाच होतो. तिथल्या झऱ्याचे पाणी 82 अंशांचे. चौदाव्या शतकापासून त्या गावाने हे पाणी नळांनी घराघरांत फिरवले आणि हिवाळ्यात जमिनी उबदार ठेवल्या. उनपदेवच्या ऊन पाण्याचे तीर्थ झाले, शोद-एगच्या ऊन पाण्याने गाव तापले. हा फरक हवामानाचा आहे. धुळ्या-जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा घर तापवायची कल्पना कोणाला सुचणार?

तरीही या लेखाची गोष्ट खान्देशाने ऐकण्यासारखी आहे. वाया जाणारी ऊब गोळा करून पुन्हा कामाला लावायची आणि तेवढे इंधन वाचवायचे, अशी ही गोष्ट. तिचे यंत्र 1850 च्या दशकात सुचले आणि त्याच दशकात उभेही राहिले, पण शहरांच्या कामी सर्रास यायला त्याला सव्वाशे वर्षे लागली. एवढी वर्षे ते कशासाठी थांबले आणि अखेर कशामुळे चालू झाले, हे पाहिले तर आपल्यालाही काही हाती लागते.

गावाची एकच चूल

थंड देशांत घर तापवणे ही चैन नसते, जिवाचा प्रश्न असतो. प्रत्येक घरात वेगळी शेगडी पेटवण्याऐवजी एका ठिकाणी मोठा बॉयलर लावावा आणि गरम पाणी किंवा वाफ जमिनीखालच्या नळांतून घरोघर न्यावी, या पद्धतीला डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणतात. सोप्या शब्दांत, सगळ्या गावाची एकच चूल. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात बर्डसिल हॉली या अभियंत्याने 1877 मध्ये ही व्यवस्था धंदा म्हणून उभी केली. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग नगराने 1903 मध्ये शहराचा कचरा जाळणारी भट्टी बांधली आणि तिची ऊब जवळच्या रुग्णालयाला दिली.

एकत्र चुलीचा एक फायदा पुढे फार मोलाचा ठरला. घराघरांत वेगळी शेगडी असेल तर इंधन बदलायला हजारो घरे बदलावी लागतात. एकच चूल असेल तर ती एक बदलली की सगळे गाव बदलते. नळ तेच राहतात. आज कोळसा, उद्या कचरा, परवा समुद्राचे पाणी.

मोटेचा हिशेब

समुद्राच्या थंड पाण्यातून ऊब कशी निघेल, हे समजायला आपल्याकडची मोट आठवावी. विहिरीत पाणी असतेच. बैल ते निर्माण करत नाहीत, खालून वर आणतात. उष्णतेचेही तसेच आहे. दहा अंशांच्या नदीच्या पाण्यात अमाप उष्णता असते, पण तिची पातळी खाली असते. घर तापवायला 60-80 अंशांची पातळी लागते. उष्णता आपण होऊन गरमाकडून थंडाकडे वाहते, उलट वाहत नाही. तिला वर ओढायला शक्ती खर्च करावी लागते, आणि हे ओढण्याचे काम करणारे यंत्र म्हणजे हीट पंप. आपल्या घरातला फ्रिज हेच करतो. आतली उष्णता ओढून मागच्या जाळीवर टाकतो, म्हणून ती जाळी हाताला गरम लागते.

मोटेला विहीर जितकी खोल, तितके बैलांचे कष्ट जास्त. इथेही तोच नियम. दहा अंशांच्या पाण्यातून 80 अंशांपर्यंत उष्णता चढवायची तर निसर्गाच्या नियमाप्रमाणे एक एकक विजेला फार तर पाच एकके उष्णता मिळू शकते. प्रत्यक्षातले यंत्र साधारण तीन देते. वीज थेट हीटरमध्ये घातली असती तर एकाला एकच मिळाले असते.

हा हिशेब 1852 मध्ये विल्यम टॉमसनने मांडला, ज्याला जग पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखू लागले. हवेच्या प्रवाहाने इमारती तापवणे आणि थंड करणे, दोन्ही कामे कमी खर्चात कशी करता येतील, हाच त्याच्या निबंधाचा विषय होता. कागदावरचा हा विचार लोखंडात उतरवला तो ऑस्ट्रियाच्या पीटर फॉन रिटिंगरने, आणि त्यामागचे कारण इंधनाचेच होते. ऑस्ट्रियात एबेनझे इथे खारे पाणी आटवून मीठ काढत. गुऱ्हाळात कढईखाली चिपाडे सारत राहावी लागतात, तशी तिथे लाकडे सारावी लागत. कढईतून वर जाणाऱ्या वाफेबरोबर लाकडाची सगळी उष्णता आकाशात जाई. रिटिंगरने ती वाफ पकडली, पाणचक्कीच्या बळावर दाबली, दाबल्याने ती अधिक तापली, आणि तीच वाफ पुन्हा कढई तापवायला वापरली. 1857 च्या सुमारास हे यंत्र उभे राहिले. मिठाच्या खड्यांनी मात्र त्याला सलग चालू दिले नाही. वीस वर्षांनी, 1877 मध्ये, स्वित्झर्लंडच्या बे इथल्या मिठागरात त्याच तत्त्वावरचे यंत्र नीट चालले.

म्हणजे ज्या वर्षी लॉकपोर्टला गावाची चूल पेटली, त्याच वर्षी उष्णतेची मोटही चालू झाली होती. दोघींची गाठ पडायला मात्र आणखी पासष्ट वर्षे गेली. कोळसा स्वस्त होता आणि हवेत सोडलेल्या उष्णतेचा हिशेब कोणी मागत नव्हते.

लिमट नदीची ऊब

ही गाठ पडली झुरिचमध्ये. स्वित्झर्लंडकडे कोळसा नाही, पण डोंगरातून कोसळणारे पाणी आहे आणि त्यावर होणारी वीज आहे. 1938 मध्ये झुरिचच्या जुन्या नगरभवनात हीट पंप बसवला गेला. नगरभवन लिमट नदीच्या अगदी काठावर आहे. नदीच्या पाण्यातली उष्णता ओढून सभागृहे तापवायची, अशी योजना होती. ते यंत्र साठ वर्षांहून अधिक काळ, 2001 पर्यंत चालले.

वर्षभरात महायुद्ध पेटले. स्वित्झर्लंडला कोळसा बाहेरून आणावा लागे आणि तो मिळणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. इंधनाची अडचण दारात आली तेव्हा नगरभवनातला प्रयोग शहराच्या उपयोगाचा ठरला. 1942-43 च्या सुमारास झुरिचच्या तंत्रविद्यापीठाच्या डिस्ट्रिक्ट हीटिंग केंद्राला लिमटच्या पाण्यावर चालणारे मोठे हीट पंप जोडले गेले. गावाची चूल आणि उष्णतेची मोट पहिल्यांदा एका जागी आली.

युद्ध संपले, स्वस्त तेलाचा पूर आला आणि झुरिचचा धडा मागे पडला. युरोपभर घराघरांच्या तळघरात तेलाचे बॉयलर बसले. पुढची तीस वर्षे उष्णता वाचवण्याची कोणाला गरज वाटली नाही.

1973 चा हिवाळा

महाराष्ट्र 1972 च्या दुष्काळातून नुकताच उठत होता. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडलेले हात अजून बरे झाले नव्हते. अशा वेळी ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले, तेल उत्पादक अरब देशांनी पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत बॅरलला सुमारे तीन डॉलरवरून जवळजवळ बारा डॉलरवर गेली. भारताला हा मार परकीय चलनात बसला. डेन्मार्कला तो थेट थंडीत बसला.

त्या काळी डेन्मार्कच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे नऊ-दशांश ऊर्जा तेलातून येत होती आणि ते तेल जवळजवळ सगळे आयात केलेले होते. 25 नोव्हेंबर 1973 पासून तिथे रविवारी खासगी मोटारी चालवायला बंदी आली. रिकाम्या रस्त्यांवरून सायकलींवर आणि घोड्यांवर निघालेल्या लोकांची त्या रविवारची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. पाच दशलक्ष लोकांच्या त्या देशाला एका महिन्यात कळले की आपली ऊब दुसऱ्याच्या हातात आहे.

पुढचे पाऊल कायद्याचे होते. 1979 मध्ये डेन्मार्कने उष्णता पुरवठा कायदा केला. कोणत्या भागात गॅसचे नळ जातील आणि कोणत्या भागात गरम पाण्याचे, याचा आराखडा नगरपालिकांनी करायचा होता. वीजकेंद्रांची वाया जाणारी उष्णता आधी वापरायची होती. आणि उष्णता विकून नफा कमवायचा नाही, येईल तेवढाच खर्च ग्राहकांकडून घ्यायचा, असे तत्त्व त्या कायद्यात होते. अनेक गावांची केंद्रे तिथल्या रहिवाशांच्या सहकारी संस्थांच्याच मालकीची आहेत. सहकारी साखर कारखाना आणि दूध संघ पाहिलेल्या खान्देशी माणसाला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सभासदच ग्राहक असल्याने बचतीचा पैसा सभासदाच्याच बिलात दिसतो. इंधन वाचवणाऱ्या यंत्रावर खर्च करायला अशी संस्था तयार होते, कारण त्या खर्चाचे फळ तिच्याच घरी येते. आज डेन्मार्कमधल्या सुमारे दोन-तृतीयांश घरांना अशा सामायिक नळांतून ऊब मिळते.

स्वीडनने मोट मोठी केली

हीट पंपांची पहिली मोठी लाट मात्र शेजारच्या स्वीडनमध्ये उठली. 1980 च्या सुमारास तिथल्या डिस्ट्रिक्ट हीटिंगचे सुमारे नऊ-दशांश इंधन तेल होते. त्याच काळात एकामागून एक अणुभट्ट्या सुरू होत होत्या. 1985 पर्यंत त्यांची संख्या बारा झाली आणि देशात वीज शिल्लक पडू लागली. तेल महाग आणि वीज स्वस्त, अशा स्थितीत मोटेला बैल मिळाले.

स्टॉकहोमच्या रोपस्तेन भागात 1986 पासून बाल्टिक समुद्राच्या पाण्यावर चालणारे सहा पंप उभे राहिले. त्यांची एकत्र क्षमता सुमारे 180 मेगावॅट उष्णता देण्याची. हिवाळ्यात समुद्राचा वरचा थर गोठू लागतो, म्हणून पाणी खोलातून घेतात, कारण खाली ते दोन-तीन अंश अधिक उबदार असते. शहराच्या हम्मारबी भागात शुद्ध केलेले सांडपाणी वापरले. हजारो घरांतली आंघोळ, धुणीभांडी यांचे पाणी थंडीतही बरेच उबदार असते. ते समुद्रात सोडण्याआधी त्याची उष्णता काढून पुन्हा घरांना द्यायची, म्हणजे एकदा पैसे देऊन तापवलेले पाणी दुसऱ्यांदा कामाला लावायचे. पुढे वाढत जाऊन हम्मारबीची क्षमता 225 मेगावॅटपर्यंत पोचली. योतेबोर्य शहरानेही सांडपाण्यावर असेच मोठे केंद्र उभारले.

ही वाट सरळ नव्हती. या पंपांत उष्णता वाहून नेण्यासाठी फिरणारे वायू ओझोनच्या थराला खातात, हे त्याच काळात कळले. 1987 मध्ये माँट्रियल करार झाला आणि नव्या यंत्रांतले वायू बदलावे लागले. तरी केंद्रे बंद पडली नाहीत. स्वीडनच्या सामायिक चुलीतून एका दशकात तेल जवळजवळ हद्दपार झाले. त्याची जागा लाकडाचा भुसा, कचरा आणि हीट पंप यांनी घेतली.

धुराड्यातले पाणी

आतापर्यंत नदी आणि समुद्राची गोष्ट झाली. पण इंधन वाचवायला बाहेर जायची गरज नाही, ते केंद्राच्या स्वतःच्या धुराड्यातही असते. हे समजायला आपल्या साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे उसाची चिपाडे घ्यावीत. गिरणीतून बाहेर पडलेल्या बगॅसमध्ये साधारण निम्मे पाणी असते. भट्टीत गेल्यावर आधी त्या पाण्याची वाफ होते आणि मग चिपाड पेटते. एक लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेसातपटीहून जास्त उष्णता त्याची वाफ करायला लागते. ती सगळी वाफ धुरातून बाहेर जाते. धुराड्यावर दिसणारा पांढरा लोट म्हणजे इंधनाच्या पैशाने केलेली वाफ.

उत्तर युरोपातल्या केंद्रांत लाकडाच्या ओल्या चिप्स जाळतात. त्यांच्यातही निम्म्याजवळ पाणी असते. धूर पुरेसा थंड केला तर त्यातल्या वाफेचे पुन्हा पाणी होते आणि गिळलेली उष्णता परत मिळते. केंद्राला तेवढ्याच इंधनातून पाचव्या हिश्श्यापर्यंत जास्त ऊब मिळू शकते. अडचण अशी की धूर थंड करायला थंड पाणी हवे, आणि शहरातून फिरून परत येणारे पाणीच 40-50 अंशांचे असते. त्याने धूर 50 अंशांखाली फारसा उतरत नाही, वाफेचा मोठा भाग निसटतो.

इथे हीट पंप मध्ये बसवतात. तो एका बाजूने धुराचे पाणी 20-25 अंशांपर्यंत थंड करतो आणि दुसऱ्या बाजूने तीच उष्णता वर चढवून शहराच्या पाण्यात घालतो. यासाठी वीजही फारशी लागू नये म्हणून शोषण पंप वापरतात. याचे तत्त्व जुने आहे. फ्रान्सच्या फर्दिनांद कारेने 1859 च्या सुमारास असेच शीतयंत्र बनवले होते. आजच्या यंत्रात हवा काढून टाकलेल्या टाकीत पाणी खोलीच्या तापमानालाच उकळते. त्याची वाफ लिथियम ब्रोमाइडचा दाट द्राव शोषून घेतो आणि शोषताना तापतो. द्राव पातळ झाला की त्याला बॉयलरच्याच वाफेने तापवून पुन्हा दाट करतात. बॉयलरची ही उष्णता वाया जात नाही, तीही शेवटी शहराच्या पाण्यातच जाते. बॉयलरने एक एकक दिले की शहराला साधारण 1.7 एकक मिळते. वरचे 0.7 एकक धुरातून परत मिळवलेले असते.

या ठिकाणी गोष्ट महाराष्ट्रात येते. अशा शोषण यंत्रांच्या जगातल्या मोजक्या निर्मात्यांत पुण्याची थरमॅक्स ही कंपनी आहे. तिचा उगम 1966 चा. आदी भाथेना यांनी वॅनसन या बेल्जियन कंपनीच्या सहकार्याने 'वॅनसन इंडिया' या नावाने छोट्या बॉयलरचा कारखाना सुरू केला. त्यांचे जावई रोहिंटन आगा यांनी तो वाढवला आणि 1980 मध्ये त्याचे नाव थरमॅक्स झाले. तेलाच्या संकटाने भारतीय कारखान्यांना तेलाऐवजी भाताचे तूस आणि शेतातला पालापाचोळा जाळणारे बॉयलर हवे झाले, आणि या कंपनीने ते बनवले. मग उष्णतेवर चालणारी शीतयंत्रे आली, आणि त्याच घराण्यातले हीट पंप आले. 1996 मध्ये रोहिंटन आगा यांचे निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी अनू आगा यांनी धुरा सांभाळली. 2010 मध्ये थरमॅक्सने डेन्मार्कच्या हेर्निंग गावातली डॅनस्टोकर ही जुनी बॉयलर कंपनी विकत घेतली. उत्तर युरोपातल्या डिस्ट्रिक्ट हीटिंग केंद्रांना शोषण हीट पंप पुरवणाऱ्यांत ही पुण्याची कंपनी आहे. आपल्या उन्हाळ्यात थंडावा करायला शिकलेली विद्या तिकडच्या हिवाळ्यात ऊब द्यायला उपयोगी पडली. केल्विनच्या निबंधात या दोन्ही बाजू एकत्रच होत्या.

कर उतरला, कोळसा विझला

तंत्र हाती होते, तरी डेन्मार्कमध्ये विजेवर चालणारे मोठे पंप बरीच वर्षे दुर्मीळ राहिले. कारण तंत्राचे नव्हते, कराचे होते. तापवण्याच्या विजेवर तिथे भारी कर होता, आणि एकाची तीन करणारी मोट करापोटी महाग पडे. दरम्यान देशात पवनचक्क्या वाढत गेल्या आणि वाऱ्याच्या दिवशी वीज मातीमोल होऊ लागली. तो कर टप्प्याटप्प्याने उतरला आणि 2021 मध्ये अगदी नाममात्र झाला. त्यानंतर मोठ्या पंपांची संख्या झपाट्याने वाढली. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, गॅसचे भाव भडकले आणि राहिलेली शंकाही मिटली.

नळांतही एक शांत बदल होत होता. लॉकपोर्टला नळांतून शंभर अंशांवरची वाफ फिरत असे. पुढे दाबाखालचे शंभरावरचे पाणी, मग 70-80 अंशांचे, आणि आता घरे नीट बंदिस्त असलेल्या वस्त्यांत 55-60 अंशांचे पाणी पुरते. विहिरीची खोली कमी झाली की बैलांचे कष्ट कमी होतात, तसे प्रत्येक अंश कमी केला की पंपाची वीज वाचते.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एस्ब्येर्ग बंदरात या सगळ्याचा मेळ बसला. तिथले कोळशाचे वीजकेंद्र शहरालाही ऊब देत असे. ते 2024 मध्ये बंद झाले. त्याच्या जागी वाडेन समुद्राच्या पाण्यावर चालणारे हीट पंप आले. त्यांची क्षमता 60 ते 70 मेगावॅट, फिरता वायू कार्बन डायऑक्साइड, आणि ऊब मिळते सुमारे 25,000 घरांना. हेलसिंकीत कात्री वाला उद्यानाखालच्या खडकात 2006 पासून सांडपाण्यावरचे पंप चालू होते. त्या शहराने 2023 मध्ये हनासारीचे आणि 2025 मध्ये साल्मिसारीचे कोळसा केंद्र बंद केले. जर्मनीत मानहाइमने 2023 मध्ये ऱ्हाइन नदीवर मोठा पंप सुरू केला.

हिशेबाची दुसरी बाजू

या इतिहासाचे मोल ठरवताना एक सत्य लपवू नये. पंपाला लागणारी वीज कोळशाची असेल तर बचत जवळजवळ उरत नाही. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण 35-38 टक्केच वीज होते. म्हणजे एक एकक विजेसाठी सुमारे 2.7 एकक उष्णतेचा कोळसा जाळावा लागतो, आणि पंप त्यातून तीन एकक ऊब देतो. नफा उरतो दहाव्या हिश्श्याएवढा. झुरिचकडे पाण्याची वीज होती, स्वीडनकडे पाणी आणि अणू, डेन्मार्ककडे वारा. म्हणून तिथे इंधन खरोखर वाचले. शोषण पंपाची गोष्ट वेगळी, कारण तो बॉयलरच्याच उष्णतेवर चालतो आणि धुराड्यातून निसटणारे परत आणतो.

दुसरी गोष्ट संस्थेची. यंत्र 1857 मध्येही होते. ते चालू झाले ते चार गोष्टी एकत्र आल्यावर. इंधन खरोखर महाग झाले, ऊब वाहून नेणारे सामायिक नळ होते, वीज योग्य भावाने मिळाली, आणि बचतीचा पैसा बचत करणाऱ्यालाच मिळावा असा कायदा झाला. यातली एक जरी नसेल तर मोट विहिरीवर तशीच पडून राहते, जशी झुरिचनंतर तीस वर्षे राहिली.

आता खान्देशाकडे पाहू. भुसावळजवळ दीपनगरला 500 मेगावॅटचे दोन संच चालतात. तिथल्या शीतकरण मनोऱ्यांतून जी उष्णता आकाशात जाते, ती तयार होणाऱ्या विजेपेक्षा जास्त आहे. यावल-रावेरच्या केळीसाठी उभारलेल्या रायपनिंग चेंबरांत आणि शीतगृहांत दिवसरात्र यंत्रे आतली उष्णता ओढून बाहेर फेकतात. दूध थंड करणारी केंद्रेही तेच करतात, आणि त्याच आवारात कॅन आणि टाक्या धुवायला गरम पाणी वेगळे इंधन जाळून तापवले जाते. दोंडाईच्याच्या स्टार्च कारखान्यांना सुकवण्यासाठी उष्णता लागते. साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून बगॅसमधले पाणी वाफ होऊन जाते.

दुसऱ्या बाजूला साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि शिवाजीनगरला 2013 मध्ये महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौरप्रकल्प झाला. मोटेला लागणारे बैल खान्देशातच आहेत. तापीला आपण सूर्यकन्या म्हणतो, आणि उष्णतेची कमतरता या मुलखाला कधीच नव्हती. इथे घर तापवायचे नळ कोणी घालणार नाही, घालूही नयेत. पण एका बाजूला थंडावा आणि दुसऱ्या बाजूला गरम पाणी, अशी दोन्ही गरज जिथे एकाच आवारात आहे, तिथे एकच यंत्र दोन्ही कामे करू शकते.

सुरुवात मोजण्यापासून व्हावी. दूध संघ, केळीची शीतगृहे आणि कारखाने यांच्या संचालकांनी आपल्या आवारातून दररोज किती उष्णता, किती अंशांवर बाहेर जाते, याचा हिशेब वार्षिक अहवालात सभासदांपुढे ठेवावा. उसाच्या वजनाचा आणि दुधाच्या फॅटचा हिशेब ठेवणाऱ्या खान्देशी सभासदाने आता उष्णतेचाही हिशेब मागावा.